तुघलकाबाद : तटबंदीच्या आतले गाव आणि टेकडीवरून दिसणारी दिल्ली

मेहरौलीहून बदरपूरकडे जाताना डाव्या हाताला एका खडकाळ टेकडीच्या कडेने राखाडी दगडांची प्रचंड तटबंदी सुरू होते आणि बराच वेळ संपत नाही. उजव्या हाताला, रस्त्याच्या पलीकडे, तांबड्या दगडाची व पांढऱ्या घुमटाची एक आटोपशीर कबर दिसते. डावीकडचा किल्ला तुघलकाबादचा आहे आणि उजवीकडची कबर तो बांधणाऱ्या सुलतान गियासुद्दीन तुघलकाची. दिल्ली पाहण्यासाठी येणारे बहुतेक पर्यटक लाल किल्ला, कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर पाहून परततात. तुघलकाबादपर्यंत फार थोडे येतात. जे येतात त्यांच्यापैकीही अनेकांना या तटबंदीच्या आत, किल्ल्याच्या उत्तरेकडील भागात, एक नांदते गाव आहे याची कल्पना नसते.

हे गाव तुघलकाबाद याच नावाने ओळखले जाते. चौदाव्या शतकात ज्या जागेवर सुलतानाच्या नगराचे रस्ते आणि घरे होती, तिथेच आज अरुंद गल्ल्या, दाटीने उभी राहिलेली बहुमजली घरे, किराणा मालाची दुकाने आणि वाहनांची गर्दी आहे. बालेकिल्ल्यावरून हे सारे एका दृष्टिक्षेपात दिसते. दिल्लीत टेकडीवरून शहर पाहण्याच्या जागा मुळातच थोड्या. त्यांतही राजधानीच्या सात शतकांचा इतिहास आणि आजचा तंटा एकाच ठिकाणी उभे राहून पाहता येईल, अशी जागा हीच.

टेकडीवरून काय दिसते

अरवली पर्वताची उत्तरेकडची अखेरची शाखा दिल्लीत शिरते. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. क्वार्टझाइट या अतिशय कठीण खडकाच्या या रांगेतच तुघलकाबादची टेकडी आहे. किल्ल्यासाठी लागणारा दगड याच परिसरात उपलब्ध होता. तो फारसा न घडवता मोठमोठ्या खंडांच्या रूपात वापरण्यात आला. भिंती तळाशी रुंद असून वर जाताना आत कलतात. त्यांची उंची ठिकठिकाणी १० ते १५ मीटर आहे आणि संपूर्ण तटबंदीचा घेर सुमारे साडेसहा किलोमीटर भरतो. नक्षीकाम जवळपास नाहीच. लाल किल्ला किंवा आग्र्याची नजाकत डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्याची इथे निराशा होते. मात्र सह्याद्रीतील किल्ले पायांखाली घातलेल्या मराठी माणसाला हा किल्ला लवकर कळतो. संरक्षण हेच त्याचे पहिले आणि शेवटचे काम होते.

दक्षिणेकडील दरवाजातून आत शिरल्यावर डावीकडे राजवाड्यांचे अवशेष लागतात आणि उजवीकडे बालेकिल्ला. बालेकिल्ल्यातील सर्वांत उंच जागा ‘विजय मंडल’ या नावाने ओळखली जाते. तिथे एकेकाळी मनोरा होता. त्याच्याजवळच जमिनीखालून जाणारा लांबलचक दगडी मार्ग असून त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. ही कोठारे असावीत असे काही अभ्यासक मानतात, तर स्थानिक माहितगार त्याला बाजार म्हणतात. जवळच खडकात खोदलेली पायऱ्यांची खोल विहीर आहे. तिच्या काठावर कठडा नसल्याने तिथे सावध राहणे आवश्यक ठरते.

विजय मंडलावरून दक्षिणेला पाहिले, की प्रथम गियासुद्दीनाची कबर दिसते. ही कबर स्वतःच एका छोट्या पंचकोनी गढीत आहे. किल्ल्यापासून तिथवर कमानींवर उभारलेला उंच दगडी सेतुमार्ग जात असे. कारण या दोहोंच्या मध्ये त्या काळी एक विस्तीर्ण कृत्रिम तलाव होता. आज त्या तलावात पाणी नाही. सेतुमार्ग विसाव्या शतकात मेहरौली-बदरपूर रस्त्यासाठी मधोमध तोडण्यात आला, त्यामुळे किल्ला आणि कबर यांच्यामधून आता दिवसभर मालमोटारींची वाहतूक चालते. आग्नेयेला दुसरी एक गढी दिसते. ती आदिलाबाद. गियासुद्दीनाचा मुलगा मुहम्मद बिन तुघलक याने ती बांधली. तलावाचे पाणी अडविणारा बांध आणि त्याच्या मोऱ्यांचे अवशेष या दोन किल्ल्यांच्या दरम्यान आजही ओळखता येतात. त्यापलीकडे असोला-भट्टी अभयारण्याचे झुडपी रान आणि हरियाणातील सूरजकुंडचा प्रदेश येतो. दिल्लीत घरे बांधताना वापरली जाणारी जाडसर वाळू ‘बदरपूर’ या नावाने विकली जाते. ती याच टापूतील खाणींची देणगी. खाणी बंद झाल्या, नाव राहिले.

पूर्वेला बदरपूर आणि त्यामागे यमुनेचे सपाट खोरे आहे. २०१८ मध्ये कायमचे बंद झालेले बदरपूरचे औष्णिक वीजकेंद्र याच दिशेला होते. उत्तरेला ओखल्याची औद्योगिक वसाहत आणि कालकाजीची टेकडी येते. मराठी इतिहासाच्या वाचकाला कालकाजीचे नाव अपरिचित नाही. १७३७ च्या मार्चमध्ये पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर अचानक येऊन थडकला, तेव्हा कालिका देवीच्या यात्रेसाठी शहराबाहेर आलेल्या लोकांची तारांबळ उडाली होती. चिमाजी आप्पास पाठविलेल्या पत्रात बाजीरावाने या स्वारीचा वृत्तान्त कळविला आहे. दक्षिणेकडून दिल्लीवर येणाऱ्या कोणत्याही फौजेला अरवलीच्या या टेकड्यांच्या आसपासूनच वाट काढावी लागे. गियासुद्दीनाने इथे किल्ला का बांधला, याचे एक उत्तर त्यातच आहे.

आणि मग उत्तरेकडे, अगदी जवळ, तटाच्या आतच, गाव दिसते. गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, न गिलावा केलेल्या विटांच्या भिंती. पर्यटकांच्या छायाचित्रांत बहुधा दक्षिणेकडची कबरच असते. पण तुघलकाबाद समजून घ्यायचे असेल तर कबरीकडे पाठ करूनच उभे राहावे लागते.

सुलतान, संत आणि पाणी

गियासुद्दीन हा मूळचा गाझी मलिक, दिपालपूरचा सुभेदार. मंगोलांच्या स्वाऱ्या परतवून लावणारा सेनानी म्हणून त्याची ख्याती होती. खल्जी घराण्याचा अंत झाल्यानंतर १३२० मध्ये तो तख्तावर आला. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने एक आख्यायिका नोंदविली आहे. गाझी मलिक सेवक असताना त्याने सुलतानाला या टेकडीवर नगर वसविण्याचा सल्ला दिला. सुलतान उपहासाने म्हणाला, “तू सुलतान झालास म्हणजे तूच वसव.” सत्ता हाती येताच त्याने ते केले. १३२१ च्या सुमारास सुरू झालेले हे अवाढव्य काम अवघ्या तीन-चार वर्षांत बहुतांशी पूर्ण झाले.

या घाईशीच गावाची सर्वांत प्रसिद्ध दंतकथा जोडलेली आहे. त्याच सुमारास सूफी संत निजामुद्दीन औलिया यांच्या वस्तीत पायऱ्यांच्या विहिरीचे काम चालू होते. सुलतानाने शहरातील सर्व मजूर किल्ल्यासाठी धरले. मजूर दिवसा किल्ल्यावर आणि रात्री विहिरीवर राबू लागले. तेव्हा सुलतानाने दिव्यासाठी लागणाऱ्या तेलावर बंदी घातली. संताच्या कृपेने विहिरीच्या पाण्यावरच दिवे पेटले, आणि संताने शाप दिला, की या जागी एक तर गुज्जर राहतील, नाहीतर ती ओसाड पडेल. बंगालच्या मोहिमेवरून परतणाऱ्या सुलतानाविषयी संत उद्गारले म्हणतात, “हनोज दिल्ली दूर अस्त”. दिल्ली अजून दूर आहे. ही म्हण आज मराठीतही रुळली आहे. दिल्लीजवळ अफगाणपूर येथे स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप कोसळून १३२५ मध्ये गियासुद्दीनाचा मृत्यू झाला. इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने हा वीज पडण्याचा प्रकार मानला. इब्न बतूताने मात्र सुलतानपुत्रावर संशय घेतला.

शापाची कथा समकालीन साधनांत आढळत नाही. ती नंतर रचली गेली असण्याचीच शक्यता अधिक आहे. तरीही तिचे महत्त्व कमी होत नाही. कथेत ज्या गुज्जरांचा उल्लेख येतो तो पशुपालक समाज आजही तुघलकाबाद गावातील प्रमुख समाज आहे. बाहेरच्यांना जो शाप वाटतो, तो गावकऱ्यांच्या दृष्टीने या जागेवरील हक्काचा पुरावा ठरतो.

नगर ओस पडण्याची कारणे शापापेक्षा अधिक साधी असावीत. क्वार्टझाइटच्या टेकडीवर विहिरीला पाणी लागणे कठीण. किल्ल्यात पावसाचे पाणी साठविण्यासाठी सात तलाव होते, असे सांगितले जाते. दक्षिणेचा मोठा तलावही पावसावर आणि बांधावरच अवलंबून होता. एक बांध फुटला किंवा एक पावसाळा कोरडा गेला तर एवढ्या मोठ्या वस्तीची तहान भागणे अशक्य होते. त्यातच नव्या सुलतानाचे लक्ष दुसरीकडे लागले होते.

दौलताबादची वाट

हे ‘दुसरीकडे’ म्हणजे महाराष्ट्रातील देवगिरी. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला नेली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. दिल्लीतील प्रतिष्ठितांना, विद्वानांना व सरदारांना तिकडे जाणे भाग पाडण्यात आले. काही वर्षांतच हा बेत सोडून द्यावा लागला. मराठीत ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग जिथून आला ती ही घटना. विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलेल्या गिरीश कार्नाड यांच्या ‘तुघलक’ या नाटकाने ती मराठी रसिकांच्या मनात कायमची बसविली. दिल्लीत परतल्यावर सुलतानाने वडिलांच्या नगरात पुन्हा राजधानी थाटली नाही. जुनी दिल्ली आणि सिरी यांना जोडणारे ‘जहाँपनाह’ हे नगर त्याने तटबंदीने वेढले. तुघलकाबाद मागे पडले. इब्न बतूता १३३४ मध्ये दिल्लीत आला. या किल्ल्यातील सोनेरी कौलांचा महाल आणि वितळलेल्या सोन्याने भरलेली टाकी यांची वर्णने त्याने केली. त्यांतला अतिशयोक्तीचा भाग ज्याने त्याने ठरवावा.

राजे गेले, पण जागा पूर्णपणे निर्मनुष्य झाली असे दिसत नाही. तटबंदी ही गुराखी आणि शेतकऱ्यांसाठी आयती सुरक्षितता होती. घडवलेले दगड, जोती, तलावांतील ओलावा हे सारे तयारच होते. मेहरदाद आणि नताली शोकूही या अभ्यासक दांपत्याने अनेक वर्षांच्या पाहणीनंतर २००७ मध्ये तुघलकाबादच्या नगररचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दरवाजांना जोडणाऱ्या रस्त्यांचे जाळे, इमारतींच्या जागा आणि तलाव यांचे नकाशे त्यांनी तयार केले. वाढत्या वस्तीमुळे या खुणा झपाट्याने पुसल्या जात असल्याने त्यांच्या नोंदींचे मोल मोठे आहे.

लाल डोरा म्हणजे काय

दिल्लीच्या नकाशावर तुघलकाबादसारखी शेकडो गावे आहेत. हौज खास, शाहपूर जाट, मेहरौली, बेगमपूर, कोटला मुबारकपूर ही नावे त्यांतलीच. आजूबाजूला शहर वाढत गेले, शेते सरकारने संपादित केली, त्यांवर वसाहती उभ्या राहिल्या, आणि गावाची जुनी वस्ती मधोमध बेटासारखी उरली. अशा वस्त्यांना ‘शहरी गावे’ म्हटले जाते. मुंबईतील गावठाणांची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

या गावांच्या कायद्याचा पाया १९०८ मध्ये घातला गेला. जमीन महसुलाची मोजणी करताना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शेतजमिनीपासून गावाची राहती जागा वेगळी दाखविण्यासाठी नकाशावर लाल रेषा आखली. तिला ‘लाल डोरा’ हे नाव पडले. रेषेच्या आत घर, गोठा, खळे, बाहेर शेत. आतील जागेवर महसूल नव्हता. पुढे १९६३ मध्ये अशा वस्त्यांना बांधकामाच्या नियमांतून सूट देण्यात आली. गावकऱ्यांनी गोठा बांधण्यासाठी नगररचनाकाराचे उंबरठे झिजवू नयेत, एवढाच तिचा मर्यादित हेतू होता.

परिणाम मात्र दूरगामी झाला. शेते गेल्यावर गावकऱ्यांच्या हाती राहिले ते लाल डोऱ्याच्या आतील घर. ते जितके उंच बांधावे तितके भाडे मिळणार, आणि उंचीला आडकाठी नाही. हौज खाससारख्या गावांत तलावाकाठच्या जुन्या मदरशाच्या सान्निध्यामुळे दुकाने आणि उपाहारगृहे आली. तुघलकाबादच्या नशिबी तशी झगमग आली नाही. इथे ओखल्याच्या कारखान्यांत आणि दक्षिण दिल्लीच्या घरांत काम करणारे भाडेकरू आले. बिहार, झारखंड, बंगाल, उत्तर प्रदेश येथून आलेल्या कुटुंबांना राजधानीत परवडेल असे छप्पर अशाच गावांनी दिले. शहरांच्या आराखड्यांत गरिबांच्या घरांसाठी जे घडायला हवे होते, ते या गल्ल्यांनी बेशिस्तपणे का होईना, करून दाखविले हे मान्य करावे लागते.

एकाच टेकडीवर दोन रेषा

तुघलकाबादचा पेच असा, की इथे लाल डोऱ्याशिवाय आणखी एक रेषा आहे. ती किल्ल्याच्या तटबंदीची. किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी घ्यावी लागते. सामान्य स्मारकाच्या बाबतीत ही मोजणी स्मारकाच्या बाहेर सुरू होते. इथे तर गावच स्मारकाच्या पोटात आहे.

१९९५ मध्ये किल्ल्याच्या परिसरातील २,६६१ बिघे जमीन देखभालीसाठी पुरातत्त्व विभागाकडे सोपविण्यात आली. कागदावर जमीन विभागाची झाली, तरी तिच्या मोठ्या भागावर वस्ती वाढतच राहिली. यात दोन निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये. पहिला प्रकार मूळ गावाचा, जे पिढ्यान्‌पिढ्यांचे असून लाल डोऱ्यात नोंदलेले आहे. दुसरा प्रकार तटबंदीच्या आतील मोकळ्या जागांवर गेल्या काही दशकांत पडलेल्या भूखंडांचा. हे भूखंड मुखत्यारपत्र व साध्या करारनाम्यांवर विकले गेले. घेणाऱ्यांच्या हाती कागद आले, मालकी आली नाही. तरीही कालांतराने वीजजोडण्या, शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्रे त्याच पत्त्यावर मिळाली. सरकारचा एक हात पत्ता मान्य करीत होता आणि दुसरा हात तोच पत्ता अतिक्रमण ठरवीत होता.

अतिक्रमणांविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१६ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयाकडे सोपविले. २०२३ च्या जानेवारीत पुरातत्त्व विभागाने बंगाली कॉलनी भागातील घरांवर नोटिसा चिकटविल्या. रहिवाशांना घरे रिकामी करण्यासाठी १५ दिवस देण्यात आले. उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये अतिक्रमणे हटविण्याची मुदत निश्चित केली. एप्रिलअखेरीस बुलडोझर आले आणि शेकडो घरे जमीनदोस्त झाली. घरकाम, मजुरी आणि फेरीचा धंदा करणारी कुटुंबे ऐन उन्हाळ्यात उघड्यावर आली. मूळ गावाला हात लागला नाही, परंतु त्याच्यावरील अनिश्चिततेचे सावटही दूर झाले नाही.

या प्रश्नात कोणाचीच बाजू पूर्णपणे खोटी नाही. तुघलकाबादच्या नगराचे अवशेष दिल्लीत एकमेव आहेत. चौदाव्या शतकातील एका आखीव नगराचा एवढा मोठा विस्तार इतरत्र कुठे सहजी सापडणार नाही. घराच्या पायासाठी खोदलेला प्रत्येक खड्डा त्यातील काहीतरी कायमचे नष्ट करतो. दुसरीकडे, अनेक दशके डोळेझाक करणाऱ्या यंत्रणेने एका सकाळी नियमाचे पुस्तक उघडावे आणि त्याची किंमत जमीन विकणाऱ्याने नव्हे, तर ती घेणाऱ्याने मोजावी, हा न्याय अपुरा वाटतो.

दिल्लीतील आणि महाराष्ट्रातील दाखले

स्मारकातून गाव हलविण्याचा प्रयोग दिल्लीला नवा नाही. पुराना किल्ल्याच्या आत इंदरपत नावाचे गाव होते. नवी राजधानी बांधण्यास सुरुवात झाली तेव्हा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते उठविण्यात आले. ज्या रायसीना टेकडीवर आज राष्ट्रपती भवन आहे, तिथल्या रायसीना आणि मालचा या गावांच्या जमिनीही त्याच सुमारास संपादित झाल्या. बेगमपूरच्या चौदाव्या शतकातील भव्य मशिदीत तर अख्खे गाव राहत होते. १९२० च्या दशकात ते बाहेर काढण्यात आले आणि आज मशिदीला चिकटूनच वसलेले आहे. पुराना किल्ला आज नीटनेटका आहे. हिरवळ आहे, संग्रहालय आहे. इंदरपतचे नाव मात्र इतिहासाच्या पुस्तकांबाहेर फारसे ऐकू येत नाही.

महाराष्ट्रात याच्या उलट उदाहरण पन्हाळ्याचे आहे. कोल्हापूरजवळच्या या किल्ल्यात नांदते गाव आहे आणि त्याला स्वतःची नगरपरिषद आहे. राज्यातील सर्वांत लहान नगरपरिषदांमध्ये तिची गणना होते. शाळा, बाजार, निवासगृहे तटाच्या आत आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. पन्हाळा त्यांपैकी एक. या नामांकनाच्या वेळी बंधने वाढतील अशी भीती तेथील रहिवाशांनीही व्यक्त केली होती. पन्हाळ्याला स्वतःची नगरपरिषद असल्याने गाव आणि पुरातत्त्व विभाग यांच्यात बोलणी होऊ शकतात. तुघलकाबाद हे अवाढव्य महानगरपालिकेतील एका वॉर्डाचा भाग आहे. खुद्द दौलताबादचीही गोष्ट वेगळी नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा रस्ता किल्ल्याच्या बाहेरील तटबंदीतूनच जातो, आणि घाटाकडच्या त्याच्या दरवाजाचे नाव आजही ‘दिल्ली दरवाजा’ आहे.

पाहायला जाताना

किल्ला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुला असतो. भारतीयांना अल्प दराचे तिकीट घ्यावे लागते. मेट्रोच्या व्हायोलेट मार्गिकेवरील गोविंदपुरी किंवा तुघलकाबाद स्थानकावर उतरून रिक्षाने किल्ल्याच्या दक्षिण दरवाजापाशी जाता येते. तुघलकाबाद स्थानक नावावरून वाटते तितके किल्ल्याजवळ नाही. ते मथुरा रस्त्यावर आहे. कबरीसाठी रस्ता ओलांडावा लागतो. वाहनांचा वेग पाहता लहान मुले बरोबर असल्यास विशेष काळजी घ्यावी.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा. मात्र नोव्हेंबरमध्ये धुरक्याने दूरचे काहीच दिसत नाही. पाऊस ओसरल्यानंतरचे सप्टेंबरअखेरीचे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचे दिवस दृश्यासाठी उत्तम, कारण हवा धुतलेली असते आणि टेकडी हिरवी. एरवी दिसणारी हिरवळ बहुतांशी विलायती बाभळीची. ब्रिटिशांच्या काळात ‘रिज’वर लावलेल्या या काटेरी झाडाने स्थानिक वनस्पतींना मागे सारले असून किल्ल्याचा मोठा भाग त्याने दुर्गम केला आहे. पायांत बळकट बूट हवेत, पाणी सोबत हवे, आणि खाद्यपदार्थ पिशवीत झाकलेले हवेत. किल्ल्यावर माकडांच्या टोळ्या आहेत आणि त्या धीट आहेत. दुपारनंतर एकट्याने आडबाजूच्या भागांत न जाणे श्रेयस्कर.

गावात जाण्यासाठी तिकीट लागत नाही. तिथे किल्ल्याच्या पर्यटकांच्या दरवाजातून नव्हे, तर उत्तरेकडील वस्त्यांमधील रस्त्यांनी जावे लागते. गावातील घरांमधून अचानक बुरुजाचा तुकडा किंवा तटाची भिंत समोर येते. कुठे तिला टेकून दुचाकी उभ्या असतात, कुठे तिच्या सावलीत खाटा टाकलेल्या असतात. हे लोकांचे राहते गाव असल्याने घरांची छायाचित्रे घेण्यापूर्वी विचारावे. विशेषतः २०२३ नंतर, हातात कॅमेरा किंवा वही घेऊन फिरणारी अनोळखी व्यक्ती ही मोजणीसाठी आलेली असावी, असा समज होणे इथे स्वाभाविक आहे.